जमिनीवरचं नाणं

आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हाची गोष्ट सांगतो. कॉलेज सोडून मी परळला घरीच बसलो होतो. चाळीतल्या पोरांना दुकान-दुकान खेळवून नवा हिशेब शिकवायचो. मी दुकानदार, आणि नुकत्याच बौद्ध झालेल्या घरातली शकू गिऱ्हाईक. तिनं गूळ मागितला, नाणं जमिनीवर ठेवलं आणि मागं सरकली.

"अगं, हातात दे की!"

"तुमचे बाबा हातात घेत नाहीत. पाणी शिंपडून मग उचलतात."

चाळीखालचं किराणा दुकान आमच्याच बापाचं. सकाळीच हा ढोंगी 'मराठी माणूस एक' म्हणून मोर्चात घसा फोडून आला होता. मला मान वर करवेना. तरी हात पुढे केला.

शकूनं आधी खाली दुकानाकडे पाहिलं.

"दादा, खेळातच ना?"