घाबरलेल्या पेशंटचं काय कराल?

सुजलेला गाल धरून बसलेला शिंपी दातांच्या दवाखान्यातून निघून जायला दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला होता. समोरच्या बाकावर एक आई नर्सिंगच्या प्रवेशाची प्रश्नावली हातात घेऊन मुलीची तयारी करून घेत होती.

"नर्स का व्हायचंय?"

"लोकांची सेवा करायला."

"सेवा? घरात पाण्याचा ग्लास उचलत नाहीस!"

"आई, तू नुसतं वाच गं."

"रक्त पाहून काय होतं?"

"मला काहीच नाही. तू आडवी होतेस."

"माझं कशाला काढतेस? तुझा एखादा गुण सांग."

"चिकाटी. तुला इथवर आणलं की नाही?"

"आणलंस म्हणे! माझा दात दुखायचा थांबलाय. चल घरी."

"आधी पुढचा प्रश्न."

"पेशंट घाबरून पळायला बघत असेल, तर काय कराल?"

"त्याला कामाला लावेन."

"कसल्या कामाला?"

तेवढ्यात आतून हाक आली. मुलीने आईच्या हातातला कागद काढून घेतला.

"अगं, कसल्या कामाला ते तरी सांग!" असं कुरकुरतच आई आत जाऊन खुर्चीत बसलीसुद्धा.

शिंपी हळूच उठला.

"काका, तिसऱ्यांदा चाललात?" मुलीने कागद त्याच्यापुढे धरला. "बसा. आता तुम्ही विचारा."