वत्सला सिस्टरांनी निवडलेली पदवी

जनार्दनभाऊ, जमलेली मंडळी, आणि मागच्या बाकांवर एकमेकींना चिकटून बसलेल्या मुलींनो,

चिंचणीहून माणसं आली आहेत, पामहून आली आहेत, सफाळ्याहून गाडी पकडून आली आहेत. मी वार्ताहर. निधनाची बातमी चार ओळींत बसवणं हा माझा धंदा. वत्सला सिस्टरांचीही परवा चार ओळींतच बसवली. आज बोलायला उभा राहिलो, तर पहिली ओळच सापडत नाही. संस्कृत शिकलेल्या माणसाला अशा वेळी श्लोक सुचतो, असा तुमचा समज असेल. सुचला होता. पण त्या संस्कृतापायीच मला गुरुजी म्हणणाऱ्या सिस्टर म्हणाल्या असत्या, "गुरुजी, मराठीत सांगा, कुठं दुखतं ते."

दुखतं आहे, सिस्टर. कुठं, ते नीट सांगता येत नाही.

आमची ओळख माझ्या काविळीतली. मी बोईसरच्या रुग्णालयात पिवळाधमक होऊन पडलेलो, आणि सिस्टर सकाळी येऊन विचारणार, "काय गुरुजी, आज पितांबर नेसलात वाटतं?" दुखणेकऱ्याला हसवायचं आणि हसता हसता सुई टोचून मोकळं व्हायचं. मी त्यांच्यावर रागावलोही होतो. दोन दिवसच.

कारखान्यांतले धिप्पाड कामगार उचलता उचलता त्यांची पाठ गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे पेशंट उचलायचा नाही, वॉर्ड सोडा. त्या संध्याकाळी सिस्टर आणि त्यांचे यजमान जनार्दनभाऊ माझ्या घरी आले. हातात कॉलेजांची माहितीपत्रकं, सगळी इंग्रजीत.

"गुरुजी, वॉर्ड सुटला. आता पुढं शिकायला पायजे. काय शिकू?"

सगळ्यांचा सल्ला होता, रुग्णालय प्रशासन घ्या. खुर्ची मिळेल, वर पंखा मिळेल. मी ते माहितीपत्रक वाचायला घेतलं. सिस्टरांनी मध्येच थांबवलं.

"यात पेशंट कुठं हाय?"

मी पानं उलटली. "खरेदी आहे, भांडार आहे, कपड्यांची धुलाई आहे, कायदा आहे. खाटांचं नियोजन आहे."

"खाटा हायेत, आणि खाटेवरचा मानूस नाय?"

ते माहितीपत्रक चहाच्या कपाखाली गेलं. समाजकार्याच्या पदवीचं माहितीपत्रक काढलं. तिथे पेशंट होता, पण बहुतेक घरी गेल्यानंतरचा. "मंग तोवर त्याला कोन बघनार?" तेही गेलं. मी म्हटलं, "सिस्टर, सरळ संस्कृतात एम.ए. करा." त्या म्हणाल्या, "ते तुमीच करा. आमच्याकडं झोपेच्या गोळ्या संपल्या का तुमाला बोलावून घेऊ."

जनार्दनभाऊ, तुम्ही तेव्हा हसलात. आज हसलात तरी चालेल.

राहिली नर्सिंगचीच पदवी. दोन वर्षं मुंबईला राहायचं आणि मग नर्स होणाऱ्या मुलींना शिकवायचं. यात पेशंट होता. सिस्टरांनी मात्र आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाल्या, "मंजे मी खाटेजवळ उभी राहनार, आणि उचलनार दुसरीच कोनीतरी. गुरुजी, माजे हात ऐकतील का?"

याचं उत्तर एकाही माहितीपत्रकात नव्हतं. बोलले ते जनार्दनभाऊ. "तू जा मुंबईला. भाकर मी थापीन. वाकडी झाली तरी पोटात जाऊन सरळ व्हते."

त्या गेल्या. आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरींत वसतिगृहात राहिल्या, इंग्रजीशी भांडल्या, पदवी घेऊन आल्या आणि पालघरला शिकवू लागल्या. वॉर्डात मुलींना घेऊन जायच्या तेव्हा स्वतःचे हात पाठीमागे घ्यायच्या आणि एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरून ठेवायच्या. मुलींनो, तुम्ही मागून म्हणायचात, "बाई अटकेत हायत." त्यांना ते ठाऊक होतं, बरं का. तुम्हाला ठाऊक नसेल ते मी सांगतो. त्या मनगटावर बोटांचे वळ उठायचे. एकदा पालघर स्टेशनवर भेटल्या तेव्हा मी पाहिले. विचारलं, तर म्हणाल्या, "पगार हाय, मान हाय. पन घरी जाताना हात रिकामे वाटतात. मी चुकले का हो, गुरुजी?"

मस्करी करायची माझी सवय. त्या दिवशी मात्र मी त्यांना गाडीची वेळ सांगितली.

मग हे दुखणं आलं आणि हाडांत शिरलं. ज्या वॉर्डात त्यांनी इतकी वर्षं काढली, तिथेच त्यांना खाट मिळाली. ड्युटीवर मंजुळा होती. डोंगरातल्या पाड्यावरची मुलगी, सिस्टरांचीच विद्यार्थिनी. मागच्या आठवड्यात मी शेजारी बसलो होतो. कुणाचा नुसता हात लागला तरी सिस्टर कळवळत होत्या. मंजुळानं सोबतीणीला हाक मारली, दोघींनी सिस्टरांना कुशीवर घेतलं, खालची चादर बदलली, पुन्हा निजवलं. सिस्टरांच्या तोंडून हूं की चूं नाही. पोरगी घाबरली.

"बाई, माजं काय चुकलं का?"

"नाय ग. तू उचललंस कवा, तेच मला समजलं नाय."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "गुरुजी, माजे हात बघितलेत?"

त्यांचे स्वतःचे हात चादरीखाली होते. त्या मंजुळाकडे पाहत होत्या.

बघितले, सिस्टर.

मंजुळा आज इथे नाही. ड्युटी आहे, असा तिनं निरोप पाठवला आहे. आता आपण थोडा वेळ शांत राहू या. उभे राहू नका. पुढे म्हातारी माणसं आहेत. सिस्टर असत्या तर त्यांनीच आधी त्यांना दंडाला धरून बसवलं असतं. बसल्या जागी डोळे मिटा. मंजुळाला या वेळी डोळे मिटता येणार नाहीत. तिच्या वाटचं मौनही आपणच पाळू या.