एक पुठ्ठा जास्त

मंडळी, एक सांगा — एखाद्याला दाबलं, की त्यातून निघतं काय? रस? की नुसता आरडाओरडा? हसू नका, घरोघरी तेच आहे!

इंग्रजीतला 'प्रेस' शब्द घ्या. मूळ अर्थ — दाबणं! तिकडे द्राक्षं दाबून रस काढायचं यंत्र होतं, त्याच धर्तीवर पुढे कागद दाबायचं यंत्र झालं. म्हणून छापखाना — प्रेस! बातमीदार — प्रेस! अन् माझ्या या अंगरख्याची इस्त्री? तीही प्रेस! वा रे शब्दा!

तर ऐका. राजापुरात वासुदेव तांबटाचा छापखाना. उद्या देवळाचा उत्सव, स्तवनाचे पाचशे कागद छापायचे. अक्षर मोठं, म्हाताऱ्यांना दिसेल असं. पण शिशाचे खिळे — म्हणजे छापायची सुटी अक्षरं — झिजलेले, छपाई पुसट! दाब वाढावा म्हणून वासुदेवानं घाईत कागदामागे एक पुठ्ठा जास्त घातला — आणि यंत्रावर पाय मारत सुटला. पाचशे झाले, कागद उलटून बघतो तर काय! अक्षरं पाठीमागून फुगून वर आलेली! छापखानेवाल्याची याहून मोठी नाचक्की नाही. नवा कागद नाही, वेळ नाही. धाबं दणाणलं हो त्याचं!

तेवढ्यात उत्सवाचे कारभारी बापूसाहेब हजर. "वासुदेवा, हे वाटू मी देवापुढे? एकही नेणार नाही!"

ओसरीवर आप्पा बसलेले. वासुदेवाला खिळे जुळवायला शिकवलं ते यांनी. चाळीस वर्षं तेच काम केलं, मग दृष्टी गेली. बारा वर्षांत एक अक्षर वाचलेलं नाही. वासुदेव दोन वेळा चहा द्यायचा, विचारायचा मात्र काही नाही.

"दाब जास्त झाला ना रे? आण, बघू."

"आप्पा, तुम्ही काय बघणार आता!" वासुदेव खेकसला. पण कागद दिला.

आप्पांनी तो पालथा केला, खिळे जुळवताना धरतात तसा वरची बाजू खाली करून धरला. बोट फिरलं... थांबलं... पुन्हा मागे येऊन फिरलं!

"दे... वा... हात... धर!"

मंडळी, अंगावर काटा येतो! पाठीमागे उठलेली अक्षरं उलटी — आणि खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं! तुम्हाआम्हाला ते लागणार नाही, पण त्या बोटांची त्याच्याशी चाळीस वर्षांची ओळख! आप्पा ओळीमागून ओळ वाचत गेले, डोळ्यांतून धारा. वासुदेवानं त्यांचे पाय धरले. बापूसाहेबांनी कागदांचा गठ्ठा उचलला, "पाचशेच्या पाचशे दे. हेच वाटायचे."

तो पुठ्ठा नुसत्या घाईत गेला, की देवानंच घालायला लावला? मला नाही सांगता येत, मी आपला हात जोडतो! पण तुमच्या ओसरीवर कोण बसलंय हो? चहा देता ना? द्या, जरूर द्या. शेवटचं काम त्यांच्या हातात कधी दिलंत, तेवढं आठवा. नाही आठवत? मग उठा, इथल्या देवाच्या पाया नंतर पडा — आधी घरी जा!