कुसुमबाई सरांच्या कोण?

सन्माननीय अध्यक्ष भगवानराव, संस्थेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आपले हेडसर व्यंकटराव, वालूर आणि आसपासच्या गावांतून आलेले आजी-माजी विद्यार्थी, शिक्षकबंधू आणि समोर बसलेल्या मातांनो,

मी नागनाथ, या शाळेचा कारकून. बावीस वर्षं सरांच्या टेबलासमोर बसलो. मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त झाली तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये.

सरांच्या मराठी शिकवण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. ते खरंच आहे. वर्गात ते ‘लग्न’ हा शब्द घेत. लग्न म्हणजे जडलेलं, चिकटलेलं. म्हणून आपली शाळा बोर्डाला संलग्न. पोरं हसायची. मग लग्न करणं, लग्न लावणं आणि लग्न लागणं यांतला फरक सांगत. चुकलं की अर्धा मार्क कापत. हा शब्द सरांनी वर्गाबाहेर कसा वापरला, तेवढंच मला सांगायचं आहे.

सरांची पहिली पत्नी केशरबाई. आठ वर्षांत मूल झालं नाही, म्हणून सरांनी त्यांना पालमला भावाच्या घरी नेऊन सोडलं. बासष्ट साली चारठाण्याला, जुन्या देवळाच्या ओसरीत, सरांनी दुसरं लग्न केलं. मुलगी कुसुमबाई, वय अठरा. सरांकडून मी एकटाच होतो. पुढं त्या घरातही पाळणा हलला नाही. दोष कुणाचा, हे मात्र कुणी विचारलं नाही.

चार वर्षांनी केशरबाईंनी फिर्याद केली, की मी जिवंत असताना नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. भटजी तोवर वारले होते. मुलीकडचे लोक जावयाविरुद्ध बोलणार नव्हते. केशरबाईंच्या बाजूनं साक्षीदार एकच, मी.

आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. म्हणाले, “नागनाथ, होम आणि सप्तपदी झाली तरच कायद्यात ते लग्न. नाहीतर नुसतं जेवण. तू जेवायला आला होतास.”

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. ती कायम करणं सरांच्या हातात होतं.

कोर्टात वकिलांनी विचारलं, “होम पेटवला होता? सप्तपदी झाली?”

मी म्हणालो, “नाही साहेब. हार घातले आणि जेवलो.”

सर सुटले. मागच्या बाकावर कुसुमबाई बसल्या होत्या. सरांनीच आणून बसवलं होतं, घरात सगळं नीट आहे असं दिसावं म्हणून. आपलं लग्न झालंच नाही, हे त्यांनी तिथं बसून ऐकलं. बाहेर पायरीवर केशरबाईंनी मला गाठलं. “नागनाथभाऊ, लगीन न्हाई तर मग ती त्यांची कोन हाय?” बस लागली होती, मी जाऊन बसलो. महिनाभरात माझी नोकरी कायम झाली.

आता परवाची गोष्ट. सरांच्या निवृत्तीचा फॉर्म मी भरत होतो. ‘पत्नीचे नाव’ या रकान्याशी थांबलो. सर म्हणाले, “केशर लिही. दोन बायका दिसल्या तर वरून चौकशी लागेल.”

“आणि कुसुमवहिनी?”

सर चष्मा पुसत म्हणाले, “घरातल्या बाईचा रकाना असतो का फॉर्मात?”

मी केशरबाईंचं नाव लिहिलं. खटल्यानंतरच्या पंधरा वर्षांत सरांनी त्यांची विचारपूस केलेली मला माहीत नाही.

वहिनींची तब्येत बरी नाही म्हणून त्या आल्या नाहीत, असं मघाशी इथं सांगितलं गेलं. वहिनी ठणठणीत आहेत. काल दुपारी त्या ऑफिसात आल्या. “भावजी, फारमात काय लिवलं तुमी?” मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “अध्यक्षांच्या बाईनं लुगडं आणून ठिवलंय. उद्या माझी वटी कोन म्हणून भरायलेत?”

मला राहवलं नाही. म्हणालो, “वहिनी, मी कोर्टात खोटं बोललो. होम होता. समिधा मीच पुरवत होतो.”

“मला काय सांगायलात? माझ्या डोळ्यात धूर गेला होता. पदरानं पुसा, असं तुमीच म्हणला होता.”

एवढं बोलून त्या गेल्या.

सर, खाली बघू नका, फोटोवाला थांबला आहे. आपल्याला दीर्घायुष्य लाभो. माझ्या या बोलण्याचं जे काही व्हायचं ते होईल, मी उद्या ऑफिसात हजर आहे. सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, मी आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर आपण ते पोटात घालावं. त्या दोघींकडं मी माफी मागणार नाही. मागितली, तर त्यांना ती द्यावी लागेल.