ताईंच्या पिंपातलं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपले निवृत्त मुख्याध्यापक. व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, पाणीखात्याचे साहेब. आपल्या बाग मंडळाचे सगळे सभासद. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या ताई. आणि शेवटच्या रांगेत चहाची वाट बघत बसलेले सर्व सज्जन, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. मी शिवणकाम करते. तोंडात टाचण्या धरून आयुष्य गेलं, त्यामुळे गप्प बसायला निराळं शिकावं लागलं नाही. पण अध्यक्ष म्हणाले, ताईंच्या भिंतीला भिंत लावून तुम्हीच राहता, तेव्हा चार शब्द तुम्हीच बोला. त्यांचा शब्द मोडायचा कसा? माझ्या दोन्ही मुलांचे कान त्यांनी पिळले आहेत, आणि माझाही पिळायला ते कमी करणार नाहीत.

ताईंबद्दल काय सांगू? पावसाचं पाणी साठवायला या गल्लीला कुणी शिकवलं? ताईंनी. आमच्या पत्र्याला पन्हळ नव्हती, पागोळ्यांनी दारात चिखल व्हायचा. ताई पदर खोचून शिडीवर चढल्या. पन्हळ कशी उतरती लावायची, पाईप पिंपात कसा सोडायचा, पानं अडवायला जाळी कुठे बसवायची, डास होऊ नयेत म्हणून तोंडाला फडकं कसं बांधायचं, सगळं त्यांनी दाखवलं. छपराची धूळ घेऊन येणारं पहिलं पाणी सोडून द्यायचं, हेही त्यांचंच. त्या वेळी मी त्यांना म्हटलं होतं, "ताई, सख्ख्या बहिणीनं एवढं केलं नसतं." आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

मग आपला नियम आला. उन्हाळ्यात आपण सगळे बागांना नळ सोडायचो आणि गल्लीच्या टोकाच्या घरांना पाणी चढायचं नाही. ताईंनी सगळ्यांना बोलावलं आणि शब्द घेतला: बागेला नळाचं पाणी घालायचं नाही. साठवलेलं संपलं की संपलं. ज्याचं पिंप रिकामं होईल त्यानं ते अंगणात पालथं घालायचं, म्हणजे जाता-येता सगळ्यांना दिसेल. साहेब, तुम्ही हसताय, पण आमच्या गल्लीत पालथ्या पिंपाची लाज फार. पोराचा निकाल खराब लागला तर लोक सांगतात, पिंप पालथं पडलं तर मागच्या दारानं ये-जा करतात.

गेल्या वर्षी पावसानं फारच वाट बघायला लावली. आधी कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं पिंप पालथं पडलं, मग नर्सबाईंचं, मग माझं. शेवटी गल्लीत एकच पिंप सरळ उभं राहिलं. ताईंचं! त्यांच्या शेवंतीला फुलं. लांबून लांबून लोक बघायला आले, फोटो काढून गेले. आजचा हा सत्कारही त्याच बागेचा आहे. आणि ते पिंप आज इथं व्यासपीठावर हार घालून ठेवलंय. ताई जाताना आठवण म्हणून ते मला देताहेत.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. सर, आवरते. पण माझ्या घरची एक गोष्ट राहिली.

माझे सासरे, अण्णा, तिसऱ्या रांगेत बसलेत. आमच्या मागच्या अंगणात त्यांनी लावलेलं लिंबाचं झाड होतं. सासूबाई गेल्यापासून अण्णांचा दिवस त्या झाडाखाली जायचा. खुर्ची, पेपर, चहा, सगळं तिथंच. आमचं अंगण म्हणजे खडकावर हातभर माती. पिंप संपलं तशी पानं गळायला लागली. मी भाज्या धुतलेलं पाणी घातलं, धुण्याचं शेवटचं पाणी घातलं. एवढ्या झाडाला ते काय पुरणार? अण्णा म्हणायचे, "सूनबाई, एक बादली नळाची घाल गं. झाडाला काय कळतंय, पाणी कुठलं ते?" मी म्हणायचे, "अण्णा, शब्द दिलाय."

आणि भिंतीपलीकडून ताई सांगायच्या, "पाणी कमी नाही पडत गं, हात सैल पडतो."

हे वाक्य अण्णांनी ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं वाक्य नव्हतं. "त्यांचं पुरतं, मग आपलंच कसं संपतं? तुझा हातच सैल." मिठाची बरणी सांडली तरी हात सैल, ब्लाउजचं कापड कमी पडलं तरी हात सैल. मला राग आला नाही, कारण मलाही ते पटलं होतं. ताई खोटं कशाला सांगतील? झाड वाळलं, तोडावं लागलं. अण्णांनी खुर्ची उचलून आतल्या खोलीत आणली आणि मागचं अंगण म्हणून बघितलं नाही.

गेल्या आठवड्यात समारंभासाठी हे पिंप घासायला मी घरी नेलं. आत हात घातला तर खरखरीत लागलं. पिंप उन्हात आडवं केलं. आत पांढरा थर, बुडापासून काठापर्यंत. आपल्या नळाच्या पाण्याचा गुण सगळ्यांना माहीत आहे. चहाच्या पातेल्यात, बादलीत, न्हाणीघरात, जिथं तिथं पांढरं धरतं. पावसाच्या पाण्यानं शेवाळ धरतं, पण असं पांढरं कधीच धरत नाही. हो ना साहेब? साहेब मान डोलावताहेत. माझ्या पिंपात आजही बोट फिरवा, हिरवं होईल.

मी तशीच ओल्या हातानं ताईंकडे गेले. म्हटलं, "ताई, पिंपात आतून पांढरं कसं धरलंय?" त्यांनी एकदा पिंपाच्या जागेकडे बघितलं, एकदा मोरीच्या नळाकडे. म्हणाल्या, "अगं, लोक बघायला येत होते. वाळलेली बाग दाखवू का त्यांना?"

मी म्हटलं, "आणि माझं लिंबू?"

तर म्हणाल्या, "मला वाटलं, तूही घालतच असशील. असले नियम कोण एवढे खरे धरतं?"

मी धरते, ताई. तुमच्या तोंडून आला होता म्हणून धरला.

तुम्ही नळ सोडलात याचं मला फारसं वाटत नाही. झाड डोळ्यांदेखत मरताना बघवत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण एकदा भिंतीवरून हळूच म्हणाला असतात, "अगं, घाल गपचूप," तर मी कुणाला सांगितलं असतं का? टाचण्या धरायची सवय आहे मला. दोघींनी मिळून चोरी केली असती आणि दोघींनी मिळून लपवली असती. तुम्ही एकटीनं केलीत आणि वर मला हात आवरायला शिकवलंत. सांगा, मैत्रिणीशी असं वागतात?

ताईंनी मला जे शिकवलं ते मी नाकारत नाही. पन्हळ आजही त्यांनीच लावलेली आहे आणि पाणी नीट उतरतं. पण हे पिंप मला नको. सामानाच्या टेम्पोत त्याला जागा होईल.

अण्णा, ऐकू आलं ना? माझा हात सैल नव्हता.

मंडळानं बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घंटी हातात असून वाजवली नाही, पाहुण्यांनी वेळ काढला, सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं सभागृहातल्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते. ताई, तुम्हाला सोडून. तुम्ही एक हाक माराल म्हणून आठवडाभर मी मागचं दार उघडं ठेवलं होतं. आज इथं यायला निघताना ते लावून आले.