मोटारीवर उठवलेला हात

...आता तुमीच सांगा, कापलेलं भात खळ्यावर येऊन पडलेलं आणि मी ते झोडायचं नाय. का? तर धूळ उडंल. उडून कुठं बसंल? तर डाक्तरांच्या मोटारीच्या ओल्या रंगावर. मोटार आमच्या गोठ्यात, बैल बाहेर, कोंबड्या डालग्याखाली, चूल परसात. उपकार हायेत त्या गाडीचे आमच्यावर, मी कुठं नाय म्हणते... पण माणसानं शिंकायचंसुद्धा बांधावर जाऊन?

तुमाला सांगते, ती मोटार दोनच माणसांची. शर्यतीची म्हणतात. वर छप्पर नाय, पोट जमिनीला घासतंय. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा कल्याणच्या डाक्तरांनी ती आमच्याकडं पेंढ्याखाली ठेवली, मोठ्या विश्वासानं. लढाई सरली, पेंढा काढला, तर पत्र्याला गंजाची खरूज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण माझ्या लेकीच्या, मैनेच्या वेळी मी अडले होते, सुईणीनं हात टेकले होते, तेव्हा हीच गाडी धसईवरनं शेताशेतांतनं उड्या मारत आली. कल्याणच्या दवाखान्यात जाताना मी डाक्तरांच्या शेजारी, आणि सासू, धोंडूबाई, मागच्या जादा चाकावर. वाटभर ओरडत, "डाक्तर, हळू रे, मी सांडतंय!" मी वाचले, मैना वाचली. म्हणून गाडी परत जाईल ती आरशासारखी जाईल, असं मी ठरवलेलं. नायतर डाक्तरांना तोंड काय दाखवू?

तर कल्याणवरनं नथू रंगारी आला. जुना रंग खरवडला, काचकागदानं घासलं, वर तांबडं अस्तर दिलं. अस्तराचा डबा खडखडीत रिकामा केला आणि मला म्हणतो कसा, "वैनी, निळा रंग उद्या. तोवर फुंकरसुद्धा नको." आणि गेला आंघोळीला. दिवस दिवाळीच्या पाडव्याचा. पाडव्याला आमच्यात बैलांना गेरू लावतात, त्यावर तांदळाच्या पिठाचे हात उठवतात, ओवाळतात. बैल ओवाळून सासू कुठं गेली बघते, तर बाई गोठ्यात! मोटारीच्या तोंडावर पाच बोटं पांढरीफेक.

मी म्हटलं, "आत्याबाय, हा काय बैल हाय? तांबडं दिसलं का चालला हात?"

म्हातारी पिठाचा हात पदराला पुसत म्हणते, "मला दिसतंय गो. आंधळी नाय मी. बैलांनी भात आनला, त्यांना मान. हिनं माझी सून घरी आनली, हिला नको?"

इतकी वर्षं हिच्या हाताखाली काढली, माझ्या भाकरीला कधी बरी म्हणाली नाय, आणि बोलली ती मोटारीपुढं. डोळे भरले माझे. ते पुसले आणि मग ओरडले. ओरडायचं काय राहतंय होय?

नथूनं कपाळ बडवलं. दुसरं अस्तर नाय, खोल घासावं तर पत्रा उघडा पडतोय. जमंल तेवढं घासलं, वरनं निळा रंग मारला. समोरनं बघाल तर आरसा. तिरपं ऊन पडलं की बोटं वर येतात.

आणि डाक्तर आले ते नेमके कलत्या उन्हाचे. त्यांनी तोंडावरनं हात फिरवला, थांबले. "नथू, हे काय?" नथू माझ्याकडं बघतो, मी खांबाकडं बघते. सासू पुढं. "माझा हात हाय तो, डाक्तर. तेव्हा चाक धरलेलं, तोच."

डाक्तरांनी त्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघितली. मग म्हणाले, "आजी, तेव्हा तुम्ही सांडला असतात तर मी परत वळलो नसतो. राहू दे तो." आणि गेले की हो भुर्रकन, धूळ उडवत. त्याच धुळीत मी भात झोडायला घेतलं.

उपकार हायेत त्या गाडीचे, मी कुठं नाय म्हणते... पण तेव्हापासून म्हातारी उजवा हात राखेत घालत नाय. म्हणते, हा कल्याणात मोटारीवर फिरतोय. आल्यागेल्याला दाखवते. आणि भांडी?

घासते मीच. माझा हात कुठं उठलाय कशावर.