निरोप झाला तरी गाडी उभीच

माझं नाव शोभा. माहेर कुर्डुवाडीच्या पुढचं, लहान गाव, एसटी जाते पण रेल्वे नाही, त्यामुळं लग्न होऊन आकुर्डीला आले तोवर मी गाडीत दोनदाच बसलेली, तेही आईच्या मांडीवर. आमचे मालक चिंचवडला कारखान्यात होते, आता रिटायर झालेत, घरी पेपर वाचतात आणि संध्याकाळी मला शिळ्या बातम्या सांगतात. मी सदाशिव पेठेत एका दवाखान्यात आहे. पेशंटची नावं लिहून घ्यायची, नंबर द्यायचे, फायली काढायच्या. डॉक्टरांना उशीर झाला की सगळे मलाच विचारतात, अहो, किती वेळ लागेल, आणि मी म्हणते, बसा, येतीलच. आता मला तरी कुठं माहीत असतं? एकदा एक आजोबा म्हणाले, बाई, आपण पूर्वी रेल्वेत अनाउन्समेंटला होता का? पेठेतली माणसं, त्यांच्यापुढं मी काय बोलणार.

तर लोकल. आमची लोणावळा-पुणे लोकल म्हणजे एक चुकली की दुसरी लगेच मिळत नाही, दुपारची तर विचारूच नका. आकुर्डीला चढायचं, शिवाजीनगरला उतरायचं, तिथून चालत किंवा बसनं. मी शिस्तीची बाई आहे. पिशवी रात्रीच भरून ठेवते, पास बाहेरच्या कप्प्यात, छत्री बाराही महिने, पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे दोन लाडू, कारण गाडी कुठं उभी राहील सांगता येत नाही. सगळी तयारी असते माझी, फक्त एका गोष्टीची नाही. गाडी मध्येच थांबली की उतरायचं का बसून राहायचं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. उतरून रस्त्यावर गेले, बस धरली, की बसच्या खिडकीतून दिसतं, लोकल चालली पुढं. आणि आज बसून राहू म्हटलं, की उतरलेल्या बायका आपापलं काम गाठून चहा पिऊन होईपर्यंत मी डब्यातच. फरीदा म्हणते, शोभा, तू काय करणार ते आधी सांग, मी उलटं करते. फरीदा म्हणजे माझी डब्यातली मैत्रीण, पिंपरीला चढते, त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या पुण्यातलं, कॅम्पात ब्लाउज शिवते. तिची जीभ तिच्या कात्रीसारखी, पण माणूस सोन्यासारखं.

कुठं होते मी? हां, आईचं सांगत होते. नाही, आईचं अजून सुरूच केलं नाही.

काय सांगू तुम्हाला, एका संध्याकाळी बापूचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला, की आईला उद्या मुंबईला नेतोय, हृदयाची झडप बदलायचीय, तारीख मिळाली. मी म्हटलं, अरे, मला आत्ता सांगतोस? तो म्हणाला, तू रडत बसली असतीस. गाडी पुण्यात थोडा वेळ थांबते, जमलं तर स्टेशनवर ये. जमलं तर म्हणे! वर्षभर आईला पाहिलं नव्हतं, आणि अशा ऑपरेशनमधून माणूस परत येतं की नाही हे तोंडावर कुणी आणत नव्हतं, पण सगळ्यांच्या पोटात तेच होतं. मी पहाटे उठून धपाटी केली, शेंगाची चटणी केली, रजेचा फोन केला, आणि गरज होती त्याच्या दोन लोकल आधीचीच गाडी धरली.

आणि ती खडकीला उभी राहिली.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. मग पंखे बंद झाले. स्पीकरवरून सांगितलं, गाडी थोड्याच वेळात सुटेल. मग सांगितलं, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल खेद आहे. एक मुलगी मोबाइल बघून म्हणाली, आपली गाडी पोचली शिवाजीनगरला. फरीदा म्हणाली, मग आपण कोण आहोत गं? कुणी म्हणे सिग्नल गेला, कुणी म्हणे वायर तुटली, खरं काय ते आजतागायत मला माहीत नाही. मी बापूला फोन लावला. तो म्हणाला, आम्ही पुण्यात आलो, आईला खिडकीत बसवलंय. मी धपाट्यांचा डबा घेऊन उतरले, जिन्यापर्यंत गेले, मागं भोंगा वाजला, पळत येऊन चढले. गाडी जागची हलली नाही. परत उतरले. परत भोंगा. फरीदा म्हणाली, एक पाय आत, एक पाय बाहेर ठेव, म्हणजे कुठलातरी बरोबर ठरेल. हसावं का रडावं कळेना. रिक्षानं जावं तर तेवढ्यात त्यांची गाडी सुटेल, बसावं तर ही सुटत नाही. तेवढ्यात बापूचा फोन. ताई, सुटली गं आमची.

मी फलाटावरच्या बाकावर बसले. डबा मांडीवर, अजून गरम. फरीदा खाली उतरून शेजारी बसली.

मग पलीकडच्या फलाटावर एक लांब गाडी सावकाश आली आणि थांबली. मला वाटलं, थांबू दे, आज सगळंच थांबलंय. आणि फोन वाजला. बापू म्हणतोय, ताई, आम्हीपण कुठंतरी अडकलो, थांब, पाटी बघतो, खडकी लिहिलंय. मी उठून उभी राहिले आणि पलीकडच्या गाडीकडं बोट दाखवलं. फरीदानं माझ्या हातातला डबा ओढला आणि जिन्याकडं पळत सुटली, माझ्या पुढं. लोकलमधल्या बायका ओरडत होत्या, कुठं चाललीस, कुठं चाललीस, आणि ती ओरडली, हिच्या आईकडं!

पुलावरून उतरलो तर खिडकीच्या गजांतून आईचा हात बाहेर. तिनं आधी माझ्या केसांना हात लावला आणि म्हणाली, बया, किती पांढरे केलेस. मी म्हटलं, तुझेच आलेत. गाडी कधी हलेल नेम नाही, म्हणून मी घाईघाईनं सगळं बोलून घेतलं. घाबरू नकोस, डॉक्टर चांगले आहेत, मी येते आठवड्यात, नीट जा. आईनं हात उंच करून सुखी राहा म्हटलं. मी डोळे पुसले. गाडी उभीच.

मग परत बोललो. नातवाची परीक्षा, म्हशीचं रेडकू, चटणीत लसूण जास्त झाला का. परत निरोप, परत आशीर्वाद. गाडी उभीच. तिसऱ्यांदा निरोप घेताना आम्हाला दोघींना हसू आलं. फरीदा म्हणाली, आजी, एवढ्या आशीर्वादांत तर माझं पण भागेल. आई म्हणाली, घे की, लई हायेत. शेवटी बोलण्यासारखं काही उरलं नाही. बापू चौकशीला गार्डाच्या डब्याकडं गेला.

आणि तो गेल्यावर आईनं मला गजाजवळ ओढलं आणि म्हणाली, शोभे, मला न्हाई करायचं ऑप्रेशन. बापू ऐकत न्हाई. तू शिकलेल्या लोकांत वावरतीस. तू सांग, करू का नको? तू म्हणशील तसं.

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते, देवाशपथ सांगते, मला ठाऊक नाही. कर म्हणावं आणि काही झालं तर? नको म्हणावं आणि त्यानंच काही झालं तर? आणि इतका वेळ उभी असलेली गाडी नेमकी तेव्हा हलली. बापू पळत येऊन चढला. मी खिडकीबरोबर चालले, मग पळाले, मग फलाट संपला.

ऑपरेशन झालं. आई वाचली. मुंबईला तपासायला न्यायला बरं पडतं म्हणून आता माझ्याकडंच आहे आकुर्डीला. पण बरी झाली म्हणू का, हेही मला सांगता येत नाही. दम लागत नाही, पण झोप गेली. सकाळी म्हणते, बरं झालं केलं. दुपारी म्हणते, कशापायी केलं. दोन्ही खरंच वाटतं. लोकलचं अजून तसंच आहे. मला उशीर झाला की मालक म्हणतात, आजपण? आणि आई विचारते, गाडी उभी राहिली व्हती का? मग कुणाशी बोललीस?

परवा रात्री मी तिच्या पायांना तेल लावत होते. ती म्हणाली, तवा तू काय सांगणार व्हतीस गं? मी म्हटलं, आई, गाडी सुटली ना. ती म्हणाली, मग आता कुठं सुटतीया?

मी तेल लावत राहिले. दुसरा पाय मांडीवर घेतला आणि म्हटलं, मला अजून कळलं नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, असू दे. कळलं की सांग. मी हाय हितंच.